सिंकखाली पुन्हा पाणी? आधी पाईपला बांधलेलं फडकं सोडा

आमच्या बिल्डिंगमध्ये चार मजले आणि सोळा घरं. त्यातल्या निम्म्याहून जास्त घरांच्या ओट्याखाली मी गुडघे टेकून, मान वाकडी करून, दातांत टॉर्च धरून बसलेली आहे. मी प्लंबर नाही. डोंबिवलीतल्या याच फ्लॅटमध्ये २७ वर्षं काढली, त्यात आमच्या सिंकने पाच-सहा वेळा दगा दिला. दर वेळी प्लंबरची वाट बघता बघता मीच एकेक जोड ओळखायला लागले. मग शेजारणी बोलवायला लागल्या.

निरोप बहुतेक एकच असतो. "काकू, पाईपला फडकं बांधलंय, तरी गळतंय हो."

अगं, फडकं बांधलंयस म्हणून तर कळत नाहीये कुठून गळतंय ते. जुनं फडकं गळती शोधायला एक नंबर, थांबवायला अगदी निकामी. एवढा फरक धरून चाललं तर दहातली सहा-सात दुखणी घरच्या घरी निघतात.

लक्षणं

तुमच्याकडे यातलं काय काय होतंय ते आधी बघून घ्या.

- रात्री झोपताना कपाट कोरडं, सकाळी तळाशी पाणी. मध्ये नळ कोणी सोडलेला नाही.
- दिवसभर काही नाही, पण भांडी घासली किंवा मोठं पातेलं ओतलं की ओलं.
- ओट्यावर पाणी सांडलं की कपाटात मागच्या भिंतीवर ओघळ.
- पाणी डोळ्याला दिसत नाही, पण प्लायचा तळ फुगलाय, सनमायका कडेने सुटलाय, कुबट वास येतो.
- पितळी जोडांवर पांढरा किंवा हिरवट थर साचलाय.
- सिंकमधलं पाणी तुंबत तुंबत उतरतं आणि तेव्हाच खालून गळतं.
- बांधलेलं फडकं कायम ओलं, थेंब मात्र भलत्याच ठिकाणी पडतो.
- खालच्या मजल्यावरचे वर आलेत, त्यांच्या छताला ओल आहे.

शेवटचं लक्षण असेल तर मधलं सगळं सोडा आणि थेट "इथे थांबा" पर्यंत खाली जा.

फडकं काय गोंधळ घालतं

समईतली वात तेल वर ओढून घेते, तसंच सुती कापड पाणी ओढतं. वर, खाली, आडवं, जिकडे धागा जाईल तिकडे. जोडाला फडकं गुंडाळलं की ते पाणी पिऊन घेतं, स्वतःतून पुढे सरकवतं आणि त्याचं जे टोक सगळ्यांत खाली लोंबत असेल तिथून ठिबकतं. आपण त्या टोकाखाली बादली ठेवतो आणि वरच्या जोडाला शिव्या घालतो.

दुसऱ्या मजल्यावर एकदा गेले होते. वेस्ट पाईपवर, म्हणजे सिंकचं पाणी वाहून नेणाऱ्या पाईपवर, हे एवढं गाठोडं! वरून सुतळी, आत प्लास्टिकची पिशवी, तिच्या आत साडीचा काठ, त्याच्या आत पोराच्या गणवेशाचा तुकडा. कात्रीने कापलं तर आतलं कापड शेवाळल्यासारखं बुळबुळीत, आणि गाठोड्यातून दोन झुरळं पळाली. पाईप पुसून बघितला तर धड, एक चीर नाही. पाणी येत होतं वर नळाच्या बुडाशी असलेल्या नटातून. तिथून कनेक्शन पाईपवरून (नळाला पाणी आणणारी लवचिक नळी) ओघळून बरोबर त्या फडक्यात जिरत होतं. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी. वर्षभर ते गाठोडं बदलत होते बिचारे.

शिवाय ओलं फडकं जोडाला चिकटून राहिलं की पितळ आणि लोखंड दोन्ही खराब होतं, वर क्षार साचतात आणि पुढे खोलायची वेळ आली की नट हलत नाही. झुरळांना तर अशी ओलसर, अंधारी जागा म्हणजे माहेरच.

कोणती चिंधी घ्यायची

हसू नका, यावरच पुढचं सगळं आहे.

सुती हवी. जुनं बनियन, पंचा, धोतर, बाळाचं लंगोट, सासूबाईंचं धुऊन धुऊन मऊ झालेलं लुगडं. सिंथेटिक साडी आणि लेगिंग या कामाला नकोत. खात्री करायची तर कापडावर पाण्याचा एक थेंब टाका. लगेच जिरून डाग गडद झाला तर कापड कामाचं. थेंब मोत्यासारखा वर बसून राहिला तर ते कापड पायपुसण्यात घाला.

रंगाचीही गंमत आहे. पांढऱ्या कापडावर थोडी ओल टॉर्चच्या उजेडात दिसतच नाही. फिकट निळा किंवा राखाडी शर्ट कापलात तर एक थेंब पडला तरी ठळक डाग दिसतो. मी निळ्याच्या पट्ट्या गळती बघायला ठेवते आणि पांढऱ्या गंज बघायला, कारण तांबूस डाग पांढऱ्यावरच कळतो.

आणि ही माझी खास युक्ती. पट्टीवर मुलांच्या स्केचपेनने एक ठिपका द्यायचा. कधी कधी रात्री दोन थेंब गळतात आणि सकाळपर्यंत वाळूनही जातात. कापड कोरडं लागतं आणि आपण फसतो. पण स्केचपेनची शाई पाणी लागलं की फुलते, ती पुन्हा गोळा होत नाही. ठिपका फुटला असेल तर पाणी येऊन गेलंय, मग कापड कितीही कोरडं लागो. बॉलपेन नको, त्याची शाई पाण्याने हलत नाही.

पट्ट्या दोन बोटं रुंद, वीतभर लांब. बटणं, चेन, इलॅस्टिक काढून टाका.

१. सगळं सोडा, पुसा आणि नुसतं बघा

खर्च काही नाही, वेळ अर्धा तास.

कपाटातली कांद्याची टोपली, कचऱ्याचा डबा, साबण, जुन्या पिशव्या सगळं बाहेर काढा. आत प्युरिफायरचा प्लग असेल तर आधी बटण बंद करून तो काढून ठेवा. ओल्या हाताने नको. मग पाईपांवरची सगळी फडकी कापून टाका. सोडवत बसू नका, ओढाताणीत जोड हलतो.

आता वरून खाली पुसत या. नळाचं बूड, सिंकची पाठ, मग जोड, शेवटी तळ. खालून सुरुवात केलीत तर वरचा ओघळ पुन्हा खाली येतो आणि काम दुप्पट होतं. पुसून झालं की पंखा लावून अर्धा तास सोडून द्या.

एवढ्यातच दोन फुकटची कारणं सापडू शकतात. पहिलं, प्युरिफायरची टाकाऊ पाण्याची बारीक नळी. ती बऱ्याच घरांत वेस्ट पाईपच्या तोंडात नुसती खोचलेली असते. कोणीतरी डबा सरकवला की निसटते आणि मशीन चालू असेपर्यंत कपाटात पाणी सोडत राहते. नळी नीट आत सरकवून तारेने किंवा केबल टायने अडकवा, झालं. दुसरं कारण म्हणजे घाम. हो, सिंकला घाम येतो. पावसाळ्यातल्या एका रविवारी आमच्या मजल्यावर बर्फातली सुरमई सिंकमध्ये तासभर ठेवली होती. स्टीलची पाठ गार पडली, हवेतली वाफ तिच्यावर जमली आणि थेंब थेंब खाली. वहिनी घाबरून मला बोलवायला आल्या. सिंकच्या पाठीवर सगळीकडे सारखी दव पडल्यासारखी ओल असेल तर ती गळती नव्हे. पुसा आणि माशांचं कालवण करा.

२. खुणेच्या चिंध्या, रात्रभर

सगळ्यात जास्त इथेच कळतं, म्हणून घाई करू नका.

पट्ट्यांवर १ ते ६ आकडे टाका (हे बॉलपेनने, म्हणजे पुसले जाणार नाहीत) आणि शेजारी स्केचपेनचा ठिपका. मग एकेक पट्टी एकेका जोडाच्या बरोबर खाली सैल गाठ मारून बांधा:

१. अँगल कॉक (ओट्याखाली भिंतीत बसवलेली, पाणी बंद करायची छोटी तोटी) भिंतीतून बाहेर येतो तिथे.
२. अँगल कॉक आणि कनेक्शन पाईपचा जोड.
३. नळाच्या बुडाशी, कनेक्शन पाईपचं वरचं टोक.
४. सिंकच्या जाळीखालची कपलिंग, तिच्या मोठ्या नटाखाली.
५. कपलिंगला वेस्ट पाईप लागतो तो जोड.
६. वेस्ट पाईप भिंतीत किंवा जमिनीत शिरतो तिथे.

प्युरिफायरसाठी टी (पाण्याला दोन वाटा काढणारा जोड) बसवला असेल तर त्याला सातवी. दोन पट्ट्या एकमेकींना लागू देऊ नका, नाहीतर एक दुसरीला भिजवेल आणि तपास पुन्हा पहिल्यापासून.

रात्रीची भांडी झाल्यावर पट्ट्या बांधा आणि सकाळपर्यंत सिंक अजिबात वापरू नका. सकाळी पहिला चहा करायच्या आधी बघा.

१, २, ३ पैकी एखादी ओली झाली तर दोष येणाऱ्या पाण्याच्या बाजूला आहे. या भागात कायम दाब असतो, नळ बंद असला तरी. सगळ्या कोरड्या राहिल्या आणि दिवसा भांडी घासल्यावर ४, ५ किंवा ६ भिजली तर दोष जाणाऱ्या पाण्याच्या बाजूला. तिथे पाणी सोडल्याशिवाय काही गळूच शकत नाही. या एका रात्रीने अर्धा ओटा तपासातून बाद होतो.

रात्रीच जास्त का गळतं, असं पुष्कळ जणी विचारतात. दिवसा बिल्डिंगभर नळ चालू असतात, त्यामुळे पाईपातला दाब खाली असतो. रात्री सगळे बंद झाले की टाकीचा पूर्ण दाब जोडावर येतो. टाकीतलं पाणी नळाच्या १० मीटर वर असेल तर साधारण एक किलो प्रति चौरस सेंटिमीटर. म्हणूनच सारखाच ढिला वॉशर तळमजल्यावरच्या आजींकडे टपटप गळतो आणि आमच्या चौथ्या मजल्यावर नुसता पाझरतो.

एक लक्षात ठेवा. तुमच्याकडे पाणी ठरावीक वेळीच सोडत असतील तर रात्री पाईप रिकामा असतो आणि पट्ट्या खोटं सांगतात. मग ही तपासणी पाणी आलेलं असताना करा, नळ न उघडता, निदान तासभर.

३. वरून तर येत नाही ना

ओट्याचा ग्रॅनाइट आणि सिंकची कड यांच्या मधली फट, आणि नळाचं बूड. पोळ्यांचा ओटा पुसताना भसाभस पाणी ओतायची सवय असलेल्या घरांत (आमचं धरून) दोष बहुधा इथेच असतो.

सिंकच्या कडेने खालच्या अंगाला कोरडी चिंधी दाबून धरायला घरातलं कोणीतरी बसवा. वरून तांब्याने थोडं थोडं पाणी आधी कडेवर, मग नळाच्या बुडाशी सोडा. नळ चालू करायचा नाही. चिंधी ओली झाली की जागा सापडली.

उपाय सिलिकॉन. जुनं सिलिकॉन ब्लेडने पूर्ण खरवडून काढा. जुन्यावर नवं धरत नाही. मग फट कोरडी करा. इथे फडकं खरं कामाला येतं. ब्लेडवर चिंधी गुंडाळून फटीतून तीन-चारदा फिरवा, ती कोरडी आणि स्वच्छ बाहेर येईपर्यंत. मग सिलिकॉनची एकसंध रेघ, साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या बोटाने ती दाबायची, आणि २४ तास पाणी नाही. एक दिवस भांडी बाथरूममध्ये घासा. व्हिनेगरसारखा वास येतो, त्याने घाबरू नका, खिडकी उघडी ठेवा.

४. सिंक भरून ठेवा

पट्टी ४ किंवा ५ भिजली असेल तर हे करा.

भोक बंद करायला बूच नसेल तर फडक्याचा बोळा करा, तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून पिशवीच्या तोंडाला परकराच्या जुन्या नाडीने घट्ट गाठ मारा आणि नाडीचं दुसरं टोक नळाला बांधा. नाडी विसरू नका. मी विसरले होते. बोळा लहान होता, पाण्याच्या वजनाने जाळी सरकली आणि तो घसरून पाईपात जाऊन बसला. आमच्या ह्यांनी पुढे महिनाभर जेवताना तो विषय काढला. वेस्ट पाईप कापून नवा लावावा लागला.

सिंक निम्म्याहून जास्त भरा आणि १५ मिनिटं थांबा. पाणी नुसतं उभं असताना चार नंबर भिजली तर कपलिंगची रबरी गॅसकेट वाळली आहे किंवा नट ढिला झालाय. मग नाडी ओढून सगळं पाणी एकदम सोडा. उभं असताना कोरडं, सोडल्यावर ओलं, असं झालं तर कपलिंग ठीक, दोष तिच्या खाली. साधा नळ चालू करून हे कळत नाही, कारण बारीक धार पाईपच्या एका कडेने निघून जाते. पाईप भरून वाहिला तरच चीर बोलते.

नट हातानेच आवळायचा. ओला नट निसटतो म्हणून कोरडं, खरबरीत फडकं त्यावर गुंडाळा, पकड दुप्पट होते. प्लास्टिकच्या नटाला पान्हा लावू नका. मी लावला आणि नट मधोमध तडकला. पाव फेरा आवळून थांबा, पुन्हा सिंक भरा, बघा. तरी गळतं तर कपलिंग खोलून गॅसकेट बदला. जुनी सोबत घेऊन हार्डवेअरच्या दुकानात जा, माप तोंडी सांगून चुकतं.

५. वेस्ट पाईप आणि त्याचं तोंड

तो पांढरा, कोल्ह्याच्या शेपटीसारखा वाकणारा पाईप. त्याच्या घड्यांत चीर जाते, आणि ती जाते वाकवलेल्या जागी, खालच्या अंगाला, जिथे डोळा पोचत नाही. फडकं बोटाला गुंडाळून पाईपखालून फिरवा. बोटाला चीर लागते, ती नाही लागली तर फडक्यावर काळा, ओशट पट्टा उमटतो. चीर असेल तर पाईप बदला. त्यावर चिकटपट्टी, मळून लावायचं सील वगैरे करू नका. लवचिक पाईपवर ताठ सील बसत नाही, पुढच्या वेळी डबा लागला की सुटतं. पाईप स्वस्त आहे, बदलायला १० मिनिटं पुरतात. ३२ आणि ४० मिलिमीटर अशी दोन मापं येतात, म्हणून इथेही जुना सोबत न्या.

पाईप चिरतो कशाने? उकळत्या पाण्याने. साध्या पीव्हीसीला ६० अंशांच्या पुढचं पाणी मानवत नाही. शेवया उकडून ते पाणी तसंच सिंकमध्ये ओतलं, बटाट्यांचं ओतलं, की पाईप मऊ पडतो, लोंबतो आणि जोडातून सुटतो. नळ सोडून त्यात गार पाणी मिसळत ओता, किंवा चक्क बाजूला ठेवा आणि नंतर ओता.

आता सहा नंबरची जागा, पाईप जमिनीत शिरतो ती. दहापैकी सात घरांत तिथे फडकं कोंबलेलं असतं, वास आणि झुरळं येऊ नयेत म्हणून. मला हा प्रकार सगळ्यात जास्त खटकतो. ते कापड कुजतं, कुजलं की तुकडे आत पडतात, त्यांवर तेलकटपणा आणि भाताची शितं बसतात, आणि सहा महिन्यांनी सगळी लाइन तुंबते. त्या भोकासाठी रबराची कडी मिळते, पाईपवर सरकवून दाबून बसवायची. भोक ओबडधोबड असेल तर भोवती व्हाइट सिमेंट भरा. तिथलं कापड चिमट्याने हळूच ओढून काढा, आत ढकलू नका.

वासाचं म्हणाल तर, ओट्याखाली सिलिंडरही असेल आणि वास गटाराचा नसून सडक्या कोबीसारखा उग्र असेल, तर तो गॅस. तिथे फडकंबिडकं काही नाही. रेग्युलेटर बंद, खिडक्या उघड्या, विजेचं कुठलंही बटण चालू-बंद करायचं नाही आणि बाहेर जाऊन १९०६ ला फोन.

६. तुंबलेली लाइन

पाणी हळू उतरतं आणि सहा नंबरची पट्टी भिजते, म्हणजे पाईप फुटलेला नाही, पुढे अडकलंय आणि पाणी तोंडातून उलटं येतंय. वेस्ट पाईप काढून बादलीत धुवा. आतला साबण-तुपाचा थर बघून जेवण जाणार नाही, पण धुवा. मग पुढच्या लाइनीत रबरी पंप मारा. नहाणी ट्रॅपला (जमिनीतल्या जाळीखालच्या सांडपाण्याच्या भोकाला) हीच लाइन जोडलेली असेल तर तिच्या जाळीवर ओलं, जाड फडकं दाबून धरा, नाहीतर पंपाचा सगळा जोर तिथून निघून जातो.

तुंबलेलं काढायची कॉस्टिकची पावडर एकदाच वापरून बघा, पाकिटावर लिहिलंय तशी, हातमोजे घालून. ती टाकल्यावर अ‍ॅसिड किंवा ब्लीच ओतू नका. आणि प्लंबरला बोलावलंत तर आत काय टाकलंय ते त्याला आधी सांगा, तो हात घालणार असतो.

७. अँगल कॉक आणि कनेक्शन पाईप

पट्टी २ किंवा ३ भिजली तर. आधी घराचा मेन कॉक कुठे आहे ते शोधा आणि तो पूर्ण बंद होतो का ते नळ सोडून बघा. बंद होत नसेल तर पुढे जाऊ नका. हे मी दरडावून सांगते, कारण जोड खोलल्यावर कळलं तर पाणी थेट तोंडावर येतं आणि मग फडकी नाही, घरातल्या सगळ्या चादरी लागतात.

कनेक्शन पाईपच्या टोकात रबरी वॉशर असतो. नट खोला, वॉशर चपटा किंवा चिरलेला असेल तर बदला. इथे टेप लागत नाही, वॉशरच पाणी अडवतो. टेफ्लॉन टेप लागतो तो अँगल कॉकच्या आट्यांना (स्क्रूसारख्या खाचांना), भिंतीच्या बाजूला. पान्ह्याच्या जबड्यात बनियनची दुहेरी चिंधी ठेवून मगच नट धरा, नाहीतर चकाकीवर ओरखडे उठतात आणि मग तिथूनच हिरवं पडायला लागतं.

नटावर क्षार बसून तो हलत नसेल तर, आणि फक्त तेव्हाच, फडकं बांधायला माझी परवानगी आहे. चिंधी लिंबाच्या रसात किंवा व्हिनेगरमध्ये भिजवून नटाला गुंडाळा, वर पिशवी, दोन तासांनी काढा आणि टूथब्रशने घासा. पांढरा थर भुसभुशीत होऊन निघतो. मग धुऊन पुसा. रात्रभर ठेवू नका, चकाकी जाते.

इथे थांबा, प्लंबरला बोलवा

एक नंबरची पट्टी भिजली तर. म्हणजे भिंतीत शिरणाऱ्या आट्यांतून किंवा भिंतीतल्या पाईपातूनच पाणी येतंय. अँगल कॉक फिरवून काढायचा मोह होतो, तो आवरा. जुन्या बिल्डिंगांत आत लोखंडी जीआय पाईप असतो. तो आतून गंजलेला असला की आटे भिंतीतच मोडतात आणि मग टाइल्स फोडण्यावाचून गत्यंतर नाही. पांढऱ्या चिंधीवर तांबूस डाग आला असेल तर हे नक्की समजा. जुने प्लंबर अशा आट्यांवर सूत आणि सफेदा लावायचे, तो हात सगळ्यांना येत नाही.

भिंतीचा रंग फुगलाय, सगळ्या पट्ट्या कोरड्या आहेत आणि तरी कपाटाची मागची बाजू ओली, तरी थांबा.

स्विचबोर्ड किंवा प्लगपर्यंत पाणी पोचलं असेल तर आधी त्या भागाची एमसीबी खाली करा. तिथे पोचायला ओल्या फरशीवरून जावं लागत असेल तर तेही तुम्ही करू नका, इलेक्ट्रिशियनला बोलवा.

खालच्या घरात ओल उतरली असेल, किंवा डक्टमधल्या सामाईक लाइनीत दोष दिसत असेल, तर सोसायटीला लेखी कळवा आणि मेन कॉक बंद ठेवा. तुमची चिंधी तिथे पुरणार नाही.

आणि एकच जोड तीनदा दुरुस्त करून पुन्हा गळत असेल तर तो जोड वाकडा बसलेला आहे. तो मापाने नव्याने बसवायला लागतो. मी तिसऱ्या वेळेला हात जोडते.

प्लंबर उद्या येणार आहे, आज रात्रीचं काय?

ज्या बाजूने पाणी येतं तिथला दोष असेल तर अँगल कॉक किंवा मेन कॉक बंद. एवढंच. ते शक्य नसेल तर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी ताणून जोडावर सात-आठ वेढे मारा आणि वर घट्ट दोरी. रबर पाणी अडवतं, कापड कधीच अडवत नाही.

तरीही ठिबकत असेल तर वातीचा गुण कामाला लावा. लांब चिंधी पिळून दोरीसारखी करा, एक टोक गळतीच्या जागी बांधा, दुसरं खालच्या बादलीत तळापर्यंत सोडा. पाणी चिंधीवरून निमूट बादलीत उतरतं, प्लाय वाचतो आणि टपटप आवाज नसल्यामुळे झोप लागते. सेकंदाला एक म्हटलं तरी दिवसाचे ८६,४०० थेंब होतात, म्हणून झोपण्यापूर्वी बादली रिकामी करून ठेवा.

प्लंबर आला की आकडे घातलेल्या पट्ट्या त्याला दाखवा. आमच्याकडे येणारे दादा पहिल्यांदा हसले होते. आता आले की आधी विचारतात, "काकू, कुठली भिजली?"

काम झाल्यावर कपाट दोन दिवस उघडं ठेवा, प्लाय पूर्ण वाळू द्या. सामान लगेच परत भरू नका. दुरुस्त केलेल्या जोडाखाली ठिपकेवाली एक नवी पट्टी आठ दिवस राहू द्या. वापरलेल्या चिंध्या गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवा आणि पुढच्या वेळेसाठी डब्यात ठेवा. फक्त फर्निचरला अळशीचं तेल किंवा तेलाचं पॉलिश लावलेल्या चिंध्या त्यांच्यात मिसळू नका आणि बोळा करून कुठे टाकूही नका. ते तेल सुकताना तापतं आणि गोळा केलेलं कापड आपोआप पेट घेऊ शकतं. अशा चिंध्या गॅलरीत सुट्या पसरून कडक वाळवायच्या, मगच कचऱ्यात.